अंबाड्यातली पुडी

सुट्ट्या लागल्या की पर्यटकांची एखादी तरी गाडी चुकून आमच्या फाटकापाशी थांबते. जांभ्याची उंच भिंत, भिंतीवरून डोकावणारे माड, पलीकडे खाडी. पाटी वाचायच्या आधीच माणूस काच खाली करून विचारतो, "रूम मिळेल का?" मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. माझ्या शेजारी नलिनीबाई हवालदार उभ्या होत्या. चेहऱ्यावरची रेघ न हलवता त्या म्हणाल्या, "मिळेल की. राहणं, जेवण सगळं आमच्याकडे. फक्त बुकिंग कोर्टातून करून आणा."

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. आमच्या नात्यात अजून मला पोलीसच म्हणतात. मी पोलीस नाही. पोलीस माणसाला धरून आणतात, कोर्ट त्याचं काय करायचं ते ठरवतं, आणि मधल्या काळात त्याला सांभाळायचं काम आमचं. सांभाळायचं म्हणजे पळू द्यायचं नाही, मरू द्यायचं नाही, आणि ज्या दिवशी कोर्ट मागेल त्या दिवशी धडधाकट हजर करायचं. गुन्हा केला की नाही हे आम्ही विचारत नाही. विचारलं तर सगळ्याच निर्दोष निघतात.

मी पेणकडच्या मिठागरवाल्यांची मुलगी. आमच्या मिठागरांचा बांध एका उधाणाला फुटला, तो पुन्हा कोणी घातला नाही, आणि दोन-तीन वर्षांत तिथे खारफुटी माजली. भाऊ डंपरवर गेले. मी बारावी होऊन घरी बसले होते. कारागृह शिपायांची भरती निघाली तेव्हा अर्ज केला, बांधावर धावायचा सराव केला, गोळा फेकायला शिकले आणि निवडले गेले. वहिनी म्हणाली, "लोकांच्या पोरी सासरी जातात, आमची तुरुंगात चालली." मोठा भाऊ म्हणाला, "चार महिन्यांत परत येशील. पैज लाव." मी पैज लावली नाही. पण परत यायचं नाही एवढं ठरवून एसटीत बसले.

नेमणूक मिळाली ती या किनाऱ्यावरच्या एका लहानशा कारागृहात. गावाचं नाव लिहीत नाही, या गोष्टीतली काही माणसं अजून हयात आहेत. बायकांची बराक एकच, त्यात तेव्हा अकराजणी. सगळ्या कच्च्या, म्हणजे खटला चालू असलेल्या, शिक्षा न झालेल्या. माझी नोकरीही पहिली दोन वर्षं कच्चीच होती. परिविक्षा म्हणतात तिला. त्या काळात वरिष्ठांनी एक वाईट शेरा मारला तरी घरी पाठवता येतं.

काम बाहेरून वाटतं तसं दणदणीत नसतं. बराच वेळ मोजण्यात जातो. सकाळी कुलूप काढायच्या आधी बायकांना दोन-दोनच्या जोडीने बसवून मोजायचं, दुपारी मोजायचं, संध्याकाळी कुलूप लावताना मोजायचं. मुख्य दाराला दोन फाटकं. बाहेरचं उघडं असेल तर आतलं उघडत नाही, आतलं उघडं असेल तर बाहेरचं नाही. साहेब आले तरी दोन फाटकांच्या मध्ये मिनिटभर उभे राहतात. पहिल्या महिन्यात मला या उभं राहण्याचा राग यायचा. आता बँकेत एकच दार बघितलं तरी मला चुकल्यासारखं होतं.

मोजणीच्या खालोखाल महत्त्वाची गोष्ट म्हणजे झडती. कोर्टाच्या तारखेला बायका पोलीस गाडीतून जातात, दिवसभर बाहेर असतात, नातेवाईक भेटतात. परत आल्या की फाटकाशेजारच्या खोलीत एकेकीला घेऊन तपासायचं. नलिनीबाईंनी मला शिकवलं ते कुठल्याही प्रशिक्षणात नव्हतं. साडीचा काठ दोन बोटांत धरून पूर्ण फिरवायचा. चपलेचा तळ वाकवून बघायचा. केस सोडायला लावायचे. आणि हे करताना बाईच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. तोंड सगळ्यांचंच गरीब असतं. वर त्यांनी एक नियम सांगितला. "सापडलं की वहीत लिहायचं. लिहिलंस की ती भानगड सरकारची. नाही लिहिलंस तर तुझी."

मी मान हलवली. तेवीस वर्षांच्या मुली मान हलवतात तशी.

अकराजणींत सगळ्यात मोठी होती हिराबाय. मुरुडच्या बाजूच्या कोळीवाड्यातली, साठीच्या आसपासची, हाडापेराने मजबूत. मासळी बाजारात बसायच्या जागेवरून एका बाईशी भांडण झालं आणि हिराबायने हाताशी होतं ते वजनाचं माप फेकून मारलं. त्या बाईच्या डोक्याला जबर मार बसला. कोर्टाने हिराबायला जामीन दिला होता, पण जामीनदार उभा राहीना. दोघी एकाच वाड्यातल्या. दोन्ही घरांचा समेट झाल्याशिवाय कोणी कोणाला जामीन राहायचं नाही, असं गावकीने ठरवलेलं. त्यामुळे कोर्टाने सोडलेली बाई गावाच्या शब्दावर आत बसली होती. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. "पंचांनी सांगलाय ना, मंग बसायचा," एवढंच म्हणायची.

तिची तक्रार वेगळी होती. तिला मशेरी मिळत नव्हती.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, चुरतात आणि त्या भुकटीने दात घासतात. घासणं नावाला, खरं काम ती हिरडीला लावून भिंतीला टेकून बसणं. आमच्या किनाऱ्यावर आगरी-कोळी घरांत किती बायकांचा दिवस यानेच सुरू होतो. आमच्या घरी सकाळी पहिला तवा तापायचा तो भाकरीसाठी नाही, मशेरीसाठी. ज्या दिवशी मशेरी संपलेली असायची त्या दिवशी आम्ही भावंडं आईच्या वाटेला जात नव्हतो.

कारागृहात तंबाखूला बंदी. हिराबाय आली तेव्हा आठवडाभर डोकं धरून बसली, पोट साफ होईना, समोर येईल तिला शिव्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तिने गिळल्या आणि डॉक्टरांनाही शिव्या दिल्या. कोणी तरी काळं दंतमंजन आणून दिलं. तिने ते बोटावर घेतलं, हिरडीला लावलं, क्षणभर थांबली आणि थुंकून म्हणाली, "ह्या तर कोळसाच हाय."

पुढच्या तारखेला ती कोर्टातून परत आली. नलिनीबाई आत बराकीत होत्या, झडतीच्या खोलीत मी एकटी. काठ तपासला, चप्पल तपासली, अंबाडा सोडला. पांढऱ्या केसांच्या गुंडाळीत अंगठ्याएवढी प्लास्टिकची पुडी. वासावरूनच कळलं.

हिराबायने ना हात जोडले, ना रडली. मागे वळून माझ्याकडे बघत विचारलं, "तुजी आय लावतं का गो?"

"लावते," मी म्हणाले.

"मंग तुला काय सांगू?"

मी पुडी परत तिच्या केसांत ठेवली आणि अंबाडा स्वतःच्या हाताने बांधून दिला. वहीत लिहिलं, 'झडती घेतली, आक्षेपार्ह काही आढळलं नाही.' खाली सही.

पुष्कळदा वाटतं की याला दया म्हणावं. पण खरं सांगायचं तर सोयही होती. हिराबाय बराकीची म्होरकी. तिचं डोकं शांत तर बराक शांत, आणि बराक शांत तर नवी शिपाईण हुशार. पुढचे दोन आठवडे माझ्या पाळीत एकही भांडण झालं नाही. नलिनीबाईंनी साहेबांसमोर माझं कौतुक केलं. पुढच्या तारखेला पुन्हा पुडी आली, मी पुन्हा अंबाडा बांधून दिला. त्याच्या पुढच्या तारखेलाही.

एका सकाळी कुलूप काढल्यावर थोड्या वेळाने मी आत गेले तर नळापाशी सातजणी भिंतीला टेकून उभ्या, प्रत्येकीचं बोट तोंडात. मला बघून सातही बोटं एकदम खाली आली. हिराबाय एकटी खात नव्हती, वाटत होती. आणि वाटताना सांगत होती की नव्या मॅडमनी सोडली. तिच्या मनात पाप नव्हतं. ती माझं नाव चांगलं करत होती. पण बराकीत सगळ्यांना कळलं होतं की माझ्या वहीत लिहिलेलं सगळं खरं नसतं.

हे सगळ्यात नीट ऐकलं ते रेश्माने. रेश्मा पनवेलकडची, तिशीची, बोलायला गोड. आखातात नोकरी लावून देते म्हणून किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांना फसवल्याचा तिच्यावर खटला होता. दुपारच्या मोजणीनंतर ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, एक छोटंसं काम होतं."

"अर्ज लिही."

"अर्जाचं नाही ना ते. तुमची एसटी मुरुडवरनं जाते ना? स्टँडवर माझा भाऊ उभा राहील. त्याला फक्त ही चिठ्ठी द्यायची. घरची खुशाली आहे, बस."

"चिठ्ठी ऑफिसातून जाते. तिथे दे."

"तिथे वाचतात हो." ती हसली. मग आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "म्हातारीचं चालतं, आमचं नाही? मी काय कोणाला बोलणारी नाही, मॅडम. पण साहेब राउंडला येतात, विचारतात काय तक्रार. टेन्शनमध्ये माणूस काय पण बोलून जातो ना."

तिने घडी केलेला कागद माझ्या हातात ठेवला. मी तो घेतला. नेण्यासाठी घेतला की नाही, हे त्या वेळी मलाच माहीत नव्हतं.

दोन वाजता माझी पाळी संपली. अडीचची एसटी होती. कपडे बदलायच्या खोलीत बसून मी कागद उघडला. घरची खुशाली नव्हती. दिघीच्या एका म्हाताऱ्याचा उल्लेख होता, ज्याच्या मुलाचा पासपोर्ट हिने अडकवला होता आणि जो पुढच्या तारखेला साक्ष देणार होता. त्याला 'समजाव' असं लिहिलं होतं. म्हातारा रोज सकाळी फेरीबोटीने आगरदांड्याला येतो, एकटा असतो, हेही लिहिलं होतं.

एसटी गेली तेव्हा मी तिथेच बसलेले. हिशोब सरळ होता. चिठ्ठी नेली तर त्या म्हाताऱ्याचं काही झालं तरी माझ्या हातून, आणि यापुढे रेश्मा सांगेल ते करायचं. चिठ्ठी फाडली तर ती साहेबांना मशेरीचं सांगणार, मी नाही म्हणणार, आणि सात बायकांच्या काळ्या हिरड्या खरं सांगणार. तिसरी वाट आपणहून सांगायची होती. त्या वाटेवर नोकरी जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त होती, कारण तीन तारखांच्या तीन खोट्या नोंदींखाली माझीच सही होती. भावाचं तोंड डोळ्यांपुढे आलं. चार महिने सोडा, अकरा महिने काढले होते.

पण एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. पहिल्या वाटेने नोकरी राहिली असती, पण ती मी करत नसते. रेश्मा करून घेत असती. मी गणवेश पुन्हा चढवला आणि नलिनीबाईंकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकलं. चिठ्ठी वाचली. मग म्हणाल्या, "अगं बाई, मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? मशेरीचं एवढंसं. रागावले असते आणि संपलं असतं."

"तेव्हा चूक वाटली नाही."

"आता?"

"आता लेखी देते."

तुरुंगाधिकारी कमी बोलणारे गृहस्थ होते. मी दीड पान लिहिलं होतं: कोणत्या तीन तारखांना काय सापडलं, काय लिहिलं, चिठ्ठी कोणी दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"चिठ्ठी आणून दिलीत हे चांगलं केलंत," ते म्हणाले. "ती मी आज पोलिसांकडे पाठवतो. पण हे वरचं मशेरीचं कशाला? चिठ्ठीपुरतं लिहा. हे पान मी फाडतो."

त्यांच्या मनात माझं भलं होतं. तरीही मी म्हणाले, "फाडू नका, सर. फाडलंत तर उद्या ती तुम्हालाही चिठ्ठी देईल."

त्यांनी चष्मा काढला. मग पान फाईलला लावलं. "नोटीस निघेल. परिविक्षा लांबेल, कदाचित जास्तही होईल. माझ्या हातात नाही."

"हो, सर."

"आणि आता बराकीची झडती. तुम्ही दोघी घ्या. मी दाराबाहेर थांबतो." झडतीच्या वेळी पुरुष अधिकारी बायकांच्या बराकीत शिरत नाही.

(नोटीस पंधरा दिवसांनी आली. परिविक्षा सहा महिने लांबली, सेवापुस्तकात शेरा बसला. तो शेरा माझ्या पहिल्या बढतीच्या वेळी आडवा आला, आणि तेव्हा मला त्याचं पुष्कळ वाईट वाटलं. आता नवीन मुलींना झडती शिकवताना मी तो वाचून दाखवते.)

दुपारी चारच्या सुमारास आम्ही आत गेलो. अकराजणींना जोडीने बसवलं. मी वही घेऊन समोर उभी राहिले आणि म्हणाले, "तीन तारखांना मला मशेरी सापडली आणि मी लिहिली नाही. ती माझी चूक. मी साहेबांना लेखी दिली आहे. चिठ्ठीसुद्धा दिली आहे. आता झडती होईल."

रेश्मा उठली. "मॅडम, माझं काय नाव घेतलंत काय?"

"बस खाली," नलिनीबाई म्हणाल्या. ती उभीच राहिली. नलिनीबाई पुन्हा म्हणाल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. रेश्माने इकडेतिकडे पाहिलं. कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं. ती बसली.

मी पहिली झडती हिराबायची घेतली. तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती. ती उठून पुढे आली, माझ्याकडे पाठ केली आणि स्वतःच अंबाडा सोडला. पुडी माझ्या तळहातावर पडली, निम्मी संपलेली.

"चार चिमट्या मशेरी," ती पुटपुटली. "त्याच्यापायी तू तुजी नोकरी कागदावर मांडलीस?"

"मशेरीपायी नाही. खोटं लिहिलं म्हणून."

"मीच तुला गोत्यात घातली."

"तू विचारलंस, हिराबाय. बांधला अंबाडा मी."

मी वही उघडून लिहायला लागले. 'अंबाड्यात प्लास्टिकची पुडी, एक.' ती जागची हलेना. मला वाटलं, वाकडं काही बोलणार. ती वळली, कोपऱ्यातल्या तिच्या वळकटीपाशी गेली, गोधडीची शिवण दाताने उसवली आणि आतून दुसरी पुडी काढून माझ्या वहीवर ठेवली. ही पुरती भरलेली होती. ती कधी आत आली, कोणाच्या पाळीत, मला पत्ता नव्हता. आम्ही दोघींनी तासभर शोधलं असतं तरी सापडली नसती.

"दोन लिव," ती म्हणाली. "लिवायचाच हाय तर अर्धा कशाला?"

मी 'एक' खोडून 'दोन' केलं आणि खाडाखोडीपाशी सही केली. नलिनीबाईंनी शाईची डबी पुढे केली. हिराबायने नोंदीखाली अंगठा उठवला, तो भिंतीला पुसला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. बाकीच्या दहाजणींची झडती झाली. आम्ही निघालो तेव्हा तिने मला हाक मारली.

"पोरी, उद्या सकालची ड्युटी कोनाची?"

"माझी नाही. माझी दुपारची."

"सकाली माजा डोका उठनार. शिव्या द्यायला मानूस लागतं. तू ये. दुसऱ्या कोनाला कशाला उगाच?"

मी ऑफिसात जाऊन सकाळची पाळी मागून घेतली. एकदा नाही, लागोपाठ बारा दिवस. आणि बाराही दिवस तिने मला एवढ्या शिव्या दिल्या की त्यातल्या निम्म्या मी तोवर ऐकल्याच नव्हत्या.